गादीखालची इस्त्री

शिवणकाम सोडून बाबांना बरीच वर्षं झाली, पण सुरकुती दिसली की त्यांचे हात अजून शिवशिवतात. विजार असो, दाखला असो, वाकडं दिसेल ते गादीखाली जातं. यश ते लगेच जमेला धरतात. अपयश मांडतच नाहीत.

लेक घरी बसून भाषांतरं करते. हल्ली तिच्या लॅपटॉपची मधली बटणं मनाला येईल तेव्हा चालायची. सकाळी चालायची, लॅपटॉप तापला की रुसायची. तिने फटी झाडल्या, तो बंद करून पुन्हा सुरू केला, बाहेरून दुसरा कीबोर्ड जोडून पाहिला. तो शहाण्यासारखा चालला. म्हणजे खोट आतच. शेवटी तिने दुरुस्तीवाल्याला फोन लावला.

"ताई, टेबलावर ठेवला की डुगडुगतो का?"

"हो. बाबा कालच म्हणाले, याला पोक आलंय."

एरवी हा दुरुस्तीवाला बोलायला लागला की ऐकणाऱ्याचा कान तापतो. आज तो एकेक शब्द मोजून बोलला.

"बटणं धड आहेत. खालची बॅटरी फुगलीय, ती बटणांना वर ढकलतेय. चार्जिंग काढा आणि अजिबात दाबू नका. दाब पडला तर पेट घेईल. आहे कुठे आता?"

टेबलावर नुसती वायर होती.

"बाबा! लॅपटॉप कुठंय?"

"हळू बोल, पोर आत्ताच झोपलीय." बाबा दारात आले ते गड जिंकल्यासारखे. "पोक काढायला घातलाय. संध्याकाळी बघ, कसा सरळ होतो!"

"कुठे घातलाय?"

त्यांनी बोट दाखवलं. गादीवर तिची छकुली पालथी पडली होती, आजोबांच्या उशीला मिठी मारून.

लेक पलंगापाशी धावली, पोरीच्या अंगाखाली हात सरकवले. छकुली कुरकुरली आणि टाच गादीवर आपटली. लेकीने डोळे मिटून घेतले.

काही झालं नाही.

"हिला घ्या. खाली जा."

"अगं, पण झालं काय?"

"पेट घेईल तो! जा म्हणते ना!"

बाबांचा चेहरा उतरला. वाद न घालता ते निघाले, हे या घरात पहिल्यांदाच घडलं.

तिने गादी उचलली. नेलपॉलिशसारखा गोडसर वास आला. लॅपटॉप कोमट होता. ताप आलेल्या बाळासारखा दोन्ही हातांवर घेऊन ती गॅलरीत गेली, उघड्या फरशीवर ठेवला आणि दार लोटून जिना उतरली.

"फरशीवर ठेवलाय," फोनवर तिला एवढंच सांगता आलं.

"मी निघालोय. जवळ जाऊ नका."

बाबा शेवटच्या पायरीवर बसले होते. छकुली खाली उतरायला धडपडत होती, ते सोडत नव्हते. तिचा फ्रॉक पार चुरगळला होता. बाबांनी तो सारखा केला नाही.