घर की पाणी

तोमासा आजी ग्वातेमालाच्या. ऑकलंडमध्ये हिल्सबरोला लेकीकडे, लुसियाकडे राहायच्या. २०१७च्या हिवाळ्यात त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि स्पॅनिश पार गेलं. उरली ती लहानपणची माया भाषा, किचे. लुसियाला मात्र किचे येत नव्हती.

"आई माझ्याशी कधी बोललीच नाही त्या भाषेत," तिनं हॉस्पिटलमधल्या स्पीच थेरपिस्टला, कांचनला सांगितलं. "शाळेत किचे बोललं की तिला मार बसायचा. माझ्यावर ती वेळ नको म्हणून."

"एकही शब्द येत नाही?"

"एक येतो. खा. म्हणजे पाणी."

कांचन मूळची पुण्याची. तिला वाटलं होतं, आजी जेवायचा आग्रह करताहेत. दिवसभर त्या तेच म्हणत. लुसिया पेला पुढे करी, आजी तो ढकलून देत आणि रडत.

कांचन कान देऊन ऐकत राहिली. लुसिया म्हणे तेव्हा शब्दाच्या शेवटी घसा क्षणभर अडायचा. आजींचा अडत नव्हता.

"तुम्ही दोघी वेगवेगळे शब्द म्हणताय," ती म्हणाली. "तिकडे कुणी आहे विचारायला?"

मावशी होती. दुसऱ्या दिवशी लुसियानं व्हिडिओ कॉल लावला. बहिणीचा आवाज ऐकताच आजींनी फोन गालाशी धरला. तोंडून तुटके शब्द येत होते, पण थांबत नव्हते.

मग मावशी लुसियाशी स्पॅनिशमध्ये बोलली. "घसा अडला तर पाणी. मोकळा राहिला तर घर. तिला घरी जायचंय गं."

लुसियाचे डोळे भरून आले. "एवढ्या लांब कशी नेऊ हिला?"

मावशीनं आजींना पुन्हा विचारलं आणि हसली. "इथलं नाही. तुझंच घर. कोंबड्यांकडे कोण बघतंय, विचारतेय."

स्पॅनिश फारसं परत आलं नाही. आजी घरी गेल्या आणि लुसिया मावशीकडून फोनवर किचे शिकू लागली. वसंतात कांचन त्यांच्या घरी गेली, तेव्हा लुसियानं आईला अडखळत काहीतरी विचारलं. आजींनी तिचा उच्चार दोनदा सुधारला, मग बराच वेळ बोलत राहिल्या.

"काय म्हणाल्या?" कांचननं विचारलं.

"निम्मं कळलं," लुसिया म्हणाली. "थांबा, बाकीचं परत विचारते."