नऊ पॉइंट सहा

सरांचं खरं आडनाव वेगळं होतं, पण पंचवीस वर्षं मुलं त्यांना पाठीमागे 'थेंबे सर' म्हणत. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत ते एकेका थेंबासाठी मुलांचा जीव खात.

"पिपेटनं दहा मिली घ्या, फ्लास्कात सोडा, खुणेपर्यंत पाणी भरा. डोळा खुणेच्या रेषेत हवा, वाकायला लाज कसली? थेंब जास्त पडला, ओतून द्या. पावडर सांडली, पुन्हा वजन करा. आणि वहीत दिसलं तेच लिहायचं, शेजारणीला दिसलेलं नाही."

हे अक्षरशः पाळणारी वर्गात एकच मुलगी होती. इतकी सावकाश काम करायची, की बाकीच्यांनी तिचं नाव गोगलगाय ठेवलं होतं. सगळे हात धुऊन निघाले तरी ही आपली ब्युरेटसमोर वाकलेली. सरांचा तिच्यावर फार जीव.

त्या वर्षी सरांचा उजवा हात कापायला लागला. घरी सूनबाई चहाचा कप अर्धाच भरून द्यायला लागली. कॉलेजात मात्र सरांनी कुणाला पत्ता लागू दिला नाही.

वार्षिक प्रात्यक्षिक परीक्षेचं मूळ द्रावण दरवर्षी सर स्वतः बनवत. परीक्षेच्या सकाळी वजन केलेली पावडर फ्लास्कात टाकताना हात हलला आणि चिमूटभर ओट्यावर सांडली. तिसऱ्यांदा. आधी दोनदा त्यांनी पुन्हा वजन केलं होतं. बाहेर मुलं रांगेत उभी होती, परीक्षक येऊन बसले होते. सरांनी ओटा फडक्यानं पुसला आणि फ्लास्कात पाणी भरलं.

मुलांनी ते द्रावण दहापट पातळ करून मोजायचं होतं. उत्तर दहा येतं, हे सगळ्यांना आधीच्या मुलांकडून ठाऊक होतं. ज्यांचं कमी आलं, त्यांनी बिनधास्त दहा लिहिलं. गोगलगायीनं तीनदा मोजलं, तीनदा नऊ पॉइंट सहा आलं. तिनं तेच लिहिलं.

"तिन्ही वेळा तेच चुकीचं, म्हणजे पद्धतच चुकीची," परीक्षक म्हणाले आणि तिला नापास करून मोकळे झाले. सर शेजारीच बसले होते.

संध्याकाळी त्यांनी प्रयोगशाळेतल्या शिपाईमामांकडून उरलेलं द्रावण मोजून घेतलं. नऊ पॉइंट सहा.

"म्हणजे पोरगी बरोबर होती की, सर!"

"उद्या सांगतो प्राचार्यांना."

उद्याचा परवा झाला. सांगायचं म्हणजे हाताचंही सांगावं लागणार होतं. असे पंधरा दिवस गेले. सोळाव्या दिवशी मामा दारात येऊन उभे राहिले. "गोगलगाय कॉलेजात यायची बंद झालीय. तुम्ही सांगणार नसाल, तर मी सांगतो."

सरांनी त्याच दुपारी सगळं सांगितलं, सोबत राजीनामाही दिला. निकाल बदलला. नव्या निकालाचा कागद घेऊन ते मामांबरोबर तिच्या घरी गेले. मुलगी कारखान्यातून नुकतीच आली होती, शर्टांना बटणं लावायचं काम धरलं होतं तिनं.

"तू बरोबर होतीस," सर म्हणाले. "पावडर माझ्या हातून सांडली होती."

ती कागदाकडे बघत राहिली. "मला वाटलं, मलाच नीट दिसत नाही. डोळेसुद्धा तपासून घेतले मी." मग हळूच विचारलं, "तुम्हाला कधी कळलं, सर?"

खोटं बोलणं सोपं होतं.

"त्याच दिवशी संध्याकाळी."

तिनं कागदाची घडी घातली. आई आतून म्हणाली, "अगं, सरांना पाणी तरी दे." तिनं पेला दिला. तो सरांच्या हातात हिंदकळायला लागला, तेव्हा तिनंच खालून आधार दिला आणि त्यांचं पिऊन होईपर्यंत तसाच धरून ठेवला.

"कॉलेजात येशील ना?"

"नाही, सर." आवाजात राग नव्हता. "आता मन नाही लागायचं."

सरांनी पुढे तिला दोन पत्रं पाठवली. पहिल्याला उत्तर आलं नाही. दुसरं परत आलं, घर बदलल्याच्या शेऱ्यासह.