काखेचा माल

टहलराम चांदवाणी या माल सोडवणाऱ्या कारकुनाला गांधीधामच्या कस्टम हाऊसात सगळे एकाच कामासाठी ओळखत. दुबईहून आलेला सुवासिक फवारा अत्तरात धरायचा की डिओत, यावर साहेबांशी हुज्जत घालावी तर टहलरामनेच. त्या दिवसांत त्याच्या मालकांकडे येणारा माल अत्तर ठरला की जकातीला जड जाई, घामाचा वास मारणारा डिओ ठरला की हलक्यात सुटे. त्यामुळे बाटलीवर गुलाब असो नाहीतर मोगरा, टहलरामचं पालुपद ठरलेलं. साहेब, हा शौकाचा माल नाही, काखेचा माल आहे. साहेब हसत, नाक मुरडत आणि निम्म्या वेळा तरी मान्य करत.

संध्याकाळी मात्र या बोलघेवड्या माणसाच्या तोंडाला कुलूप लागे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी लग्न करून लागोसला गेलेली. घरी आला की तो आधी टीव्ही लावी. बघायला नव्हे, घरात कोणीतरी बोलत असावं म्हणून. एकट्यापुरती पालक-डाळीची साईभाजी किती करावी हे त्याला कधीच जमलं नाही. दर वेळी उरायची, आणि दुसऱ्या दिवशी तीच खाताना त्याला फार एकटं वाटायचं.

आधार एकच होता, समोरच्या ब्लॉकमधल्या ईश्वरीबाईंचा. बाई सिंधी शाळेतून निवृत्त झालेल्या, नवरा केव्हाच गेलेला, जीभ तिखट. रविवारी त्या टहलरामला कोकी, म्हणजे कांदा घातलेली जाड पोळी, पाठवत. पुढे पाठवणं बंद झालं, कारण तोच तिथे जाऊन खाऊ लागला. गेल्यागेल्या पापड आणि पाणी समोर येई, मग बाई अख्ख्या कॉलनीची हजेरी घेत. तेवढ्या वेळावर टहलरामचा आठवडा निघायचा.

आणि अशात बाईंच्या मुलाचा अहमदाबादहून फोन आला. चेटीचंडचा सण झाला की कायमची इकडे ये, इतकी वर्षं एकटी राहिलीस ते पुरे. बाई हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. टहलरामच्या पायाखालची वाळू सरकली. त्यांनी जाऊ नये एवढंच त्याला हवं होतं, पण ते सांगायचं कुठल्या तोंडाने? दोन रविवार त्याने ते शब्द कोकीबरोबर गिळले. शेवटी बाजारात जाऊन त्याने एक देखणी बाटली घेतली. वास त्याने स्वतः निवडला. आयुष्यभर अशी खोकी फोडलेल्या माणसाला तेवढी पारख होतीच.

चेटीचंडच्या सकाळी त्याने ती बाईंच्या हातात ठेवली. बाईंनी झाकण काढलं, मनगटावर जरासं उडवलं आणि डोळे मिटून वास घेतला. त्यांचा चेहरा असा मऊ झालेला टहलरामने कधी पाहिला नव्हता.

"मला कोणी अत्तर द्यावं, याला जमाना झाला साईं," त्या म्हणाल्या. "अत्तरच ना हे?"

इथे नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. पण एकट्या बाईला एकट्या माणसाने अत्तर देणं म्हणजे काय, हे त्या प्रश्नासरशी उघडं पडलं आणि टहलरामची गाळण उडाली. घाबरला की त्याच्या तोंडून कचेरीच बोलायची.

"अत्तर कसलं," तो म्हणाला. "डिओ आहे. घामाचा वास मारायला. काखेचा माल."

बाईंनी झाकण लावलं. ओढणीने मनगट पुसलं.

"मला वास येतो हे सांगायला सणाचा दिवस बरा शोधलात," त्या म्हणाल्या. त्या दिवशी पापड आला नाही.

दुसऱ्या दिवशी कचेरी बुडवून टहलराम त्यांच्याकडे गेला. पलंगावर बॅग उघडी होती आणि बाई कपडे भरत होत्या. त्याने उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. ते अत्तरच होतं, चांगल्यातलं होतं. साहेबांपुढे मालाला हलकं म्हणून म्हणून जिभेला वळणच तसं पडलं होतं. शाळेत पोरांच्या सबबी ऐकाव्यात तसं बाईंनी ऐकून घेतलं. हळूहळू त्यांचा राग उतरला.

"म्हणजे माल कितीही भारी असो, तुम्ही तो हलका म्हणूनच सांगणार."

"धंदाच तसा आहे, बाई."

"मग आज धंदा बाजूला ठेवा." कपडे भरायचं त्यांनी थांबवलं होतं. "मी जाऊ नये, हे सांगायला आलात ना?"

टहलरामने मनात हिशेब मांडला. हो म्हटलं की पुढे सगळंच आलं. त्याची मुलगी, बाईंचा मुलगा, कॉलनीची तोंडं. नाही म्हटलं तर काहीच भरावं लागणार नव्हतं. बाई हातात ओढणीची घडी घेऊन उभ्या होत्या आणि खरोखरच वाट बघत होत्या.

"छे हो," तो म्हणाला. "सहज आलो होतो. उगाच गैरसमज नको म्हणून."

 बाईंनी ती घडी बॅगेत ठेवली आणि म्हणाल्या, आलाच आहात तर जरा हात लावा, बॅग फार भरली आहे. टहलरामने झाकण दोन्ही हातांनी दाबून धरलं आणि बाईंनी चेन ओढली.