त्र्यंबकचे सात गोल

"किती गोल?"

फोन उचलल्या उचलल्या त्र्यंबकने विचारलं. 'कशी आहेस', 'जेवलीस का' हे सगळं नंतर. दर रविवारी सकाळी अकराच्या सुमारास जर्मनीहून कादंबरीचा फोन यायचा. तिथे तिची मॅच नुकतीच संपलेली असायची आणि इथे अमेरिकेत, कॅरी गावात, त्याची बायको लतिका पोहे परतत असायची.

"बाबा, मी मिडफिल्डर आहे," पलीकडून लेक म्हणाली. "गोल करणं इज नॉट माय जॉब."

"अगं, पण चान्स मिळाला तर करशील की नाही?"

"मिळाला तर करीन."

"बस्स. तेवढंच म्हणतोय मी."

लतिकाने गॅस बंद केला आणि फोन त्याच्या हातातून जवळजवळ हिसकावूनच घेतला.

त्र्यंबक पाठक मुळातच आकड्यांवर विश्वास ठेवणारा माणूस. जवळच्या रिसर्च ट्रायँगल पार्क या उद्योगवसाहतीतल्या एका औषध कंपनीत गेली चौदा वर्षं तो बाटल्यांवरची लेबलं छापायला जाण्याआधी तपासत होता. पाचाचे पन्नास झालेले त्याच्या नजरेतून कधी सुटले नाहीत. ऑफिसात त्याला सगळे 'टिम' म्हणत. नाशिकच्या त्र्यंबकचा टिम झाला, याचं त्याला ना दुःख होतं ना कौतुक. फुटबॉलला मात्र त्याने जन्मात पाय लावला नव्हता. शेजारच्या मुली जातात म्हणून सहा वर्षांच्या कादंबरीला पाठवलं आणि बघता बघता प्रकरण हाताबाहेर गेलं. कॅरीत ती एकटीच चार जणींना चकवून बॉल पुढे न्यायची आणि गोलही स्वतःच मारायची. अठराव्या वर्षी, २००६च्या ऑगस्टमध्ये, जर्मनीतल्या एका नामांकित क्लबने तिला बोलावून घेतलं. अट साधी होती. दोन वर्षं दुसऱ्या संघात राहून शिकायचं. २००८च्या जूनमध्ये क्लब ठरवणार, तिला पहिल्या संघात घ्यायचं की घरी पाठवायचं.

तिथे हाइके नावाच्या कोचबाईंनी पहिल्याच आठवड्यात तिचं कॅरीतलं सगळं कौतुक गुंडाळून ठेवलं. तू धावतेस छान, पण बघत नाहीस, असं त्या म्हणाल्या. बॉल आपल्याकडे यायच्या आधी दोन्ही खांद्यांवरून मागे बघायचं. आपली कोण कुठे आहे, समोरची कोण कुठून येते आहे, हे डोक्यात पक्कं करायचं. मग बॉलला फार तर दोनदा पाय लावायचा आणि तो मोकळ्या मुलीकडे देऊन टाकायचा. वर्षभर एवढंच शिकणं चाललं होतं. पहिला सीझन बाकावर गेला. दुसऱ्या वर्षी, २००७च्या सप्टेंबरात, ती अकरा जणींत आली.

हे सगळं ती फोनवर सांगायची आणि त्र्यंबक "हो का, वा वा" म्हणायचा. पण कॅरीच्या मराठी मंडळात लोक विचारणार, किती गोल! त्यांना काय सांगायचं, मुलगी मागे वळून फार छान बघते म्हणून? गणपतीत मित्राने, राजीवने विचारलं तेव्हा त्याच्या तोंडून "दोन" निघून गेलं. दसऱ्याला त्याचे चार झाले. दिवाळीत सात. लेबलावरचं एक शून्य न सोडणारा हा माणूस मुलीच्या बाबतीत बिनदिक्कत थापा मारत होता, आणि गंमत म्हणजे त्याला त्यात काही गैरही वाटत नव्हतं.

डिसेंबरात कादंबरी सुट्टीला घरी आली. मंडळाचं वर्षअखेरचं स्नेहसंमेलन एका शाळेच्या कॅफेटेरियात होतं. राजीव त्र्यंबकचा जुना मित्र आणि मंडळाचा अध्यक्ष. हातात आलेला माइक तो सहसा सोडत नसे.

"आपल्या कॅरीची लेक आज आपल्यात आहे," तो म्हणाला. "जर्मनीत सात गोल! सात! जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत यार!"

टाळ्या झाल्या. मंडळातल्या रत्नामावशींनी तर जवळ येऊन कादंबरीच्या गालांवरून हात फिरवले आणि स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. कादंबरीने हसून नमस्कार केला. तिचे कान लालबुंद झाले होते.

परतताना गाडीत ती पुढे बसली, लतिका मागे.

"सात?" कादंबरी म्हणाली.

"अगं, लोक विचारतात, मग..."

"झीरो, बाबा. मी एकही गोल केला नाहीये."

"माहीत आहे मला."

"नो, तुला नाही माहीत. मी ट्राय केलं." तिचा आवाज बारीक झाला. "नोव्हेंबरमध्ये. तीन मॅचेस. आमच्या टीममधली लेना बाजूला एकटी उभी होती, एकदम फ्री. मला दिसत होती ती. तरी मी पास नाही दिला, मी शूट केलं. तिन्ही वेळा. हाइकेने विचारलं, तू कोणासाठी खेळतेयस? मी काय सांगणार होते? की संडेला माझ्या बाबाचा प्रश्न असतो?"

"मग?"

"मग तिने मला बेंचवर बसवलं. तेव्हापासून तिथेच आहे. जूनपर्यंत असंच राहिलं तर दे विल सेंड मी होम."

सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाडीने हॉर्न दिला तरी त्र्यंबकचा पाय ब्रेकवरून हलेना.

"माझ्यामुळे?" त्याने विचारलं.

"तुला दर वेळी नाही म्हणायचा कंटाळा आला होता रे मला."

लतिका मागून हलकेच म्हणाली, "गाडी काढ, त्र्यंबक."

दुसऱ्या दिवशी सकाळी बूट घालून तो लेकीच्या दारात उभा. "चल, मला दाखव. तू काय करतेस ते."

घराजवळच्या मैदानावर गारठा होता. कादंबरीने बापाला मधोमध उभं केलं आणि आईला सांगितलं, तू त्याच्या मागे कुठेही फिर. "मी बॉल देणार. तो पोचायच्या आधी आई कुठे आहे ते सांगायचं."

बॉल आला. त्र्यंबक त्याच्याकडेच बघत राहिला आणि तो त्याच्या नडगीवर बसला.

"आई कुठे आहे?"

"मागे!"

"मागे कुठे?"

त्याला सांगता येईना. असं दहा-बारा वेळा झालं. शेवटी एकदा त्याने मान वळवून नीट पाहिलं, "डावीकडे, झाडाजवळ!" असं विजयाने ओरडला, आणि तोवर बॉल त्याच्या दोन पायांमधून निघून गेला. कादंबरी हसत हसत गवतावरच बसली. लतिकालाही हसू आवरेना.

त्र्यंबक हसला नाही. इथे अंगावर येणारं कोणी नव्हतं, बॉलही हळू होता, तरी त्याला एकदा धड जमलं नव्हतं. आणि ही पोर मॅचमध्ये धडका खात नव्वद मिनिटं हेच करत होती. ते करून दमून फोन करायची, आणि आपण विचारत काय होतो?

"चुकलो गं मी," तो म्हणाला. "फार चुकलो."

"इट्स ओके, बाबा," ती म्हणाली, आणि वाकून त्याच्या पँटला लागलेला चिखल झटकू लागली.

फेब्रुवारीत सीझन पुन्हा सुरू झाल्यावर पहिल्याच रविवारी फोन आला. ती बाकावरच होती, शेवटची दहा मिनिटं तेवढी खेळली होती. त्र्यंबकने विचारलं, "आज कोणाकोणाला बॉल दिलास?"

मग ती जी बोलायला लागली ती वीस मिनिटं थांबलीच नाही. लेना कुठे धावली, ब्रिटाला बॉल डाव्याच पायावर कसा हवा असतो, सगळं. पुढच्या रविवारी त्र्यंबक वही घेऊनच बसला आणि मुलींची नावं लिहून ठेवू लागला. मार्चमध्ये हाइकेबाईंनी कादंबरीला पुन्हा अकरा जणींत घेतलं.

गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात त्र्यंबकने राजीवकडे माइक मागितला. राजीव चकित झाला, कारण हा माणूस इतक्या वर्षांत आभार मानायलासुद्धा स्टेजवर चढला नव्हता.

"कादंबरीने सात गोल केले असं मी सांगितलं होतं," त्र्यंबक म्हणाला. "तिने एकही केलेला नाही. ते सगळे मीच मारले." हशा पिकला. हशा ओसरल्यावर त्र्यंबक पुढे म्हणाला, "ती मिडफिल्डर आहे. ती बघते कोण मोकळं आहे, आणि त्याला बॉल देते. फार कठीण असतं ते. मी करून बघितलंय."

"म्हणजे पंगतीत वाढणारी की रे," पहिल्या रांगेतून रत्नामावशी म्हणाल्या.

"हो मावशी. अगदी तसंच."

जून उजाडला. निकालाच्या आठवड्यात त्र्यंबक वरकरणी शांत होता. तिची निवड व्हावी असं त्याला मनापासून वाटत होतं. पण मनाच्या एका कोपऱ्यात 'पाठवा तिला घरी' असंही कोणीतरी म्हणत होतं. हे त्याने लतिकालाही सांगितलं नव्हतं.

गुरुवारी दुपारी ऑफिसात त्याचा मोबाइल वाजला. तो कॉरिडॉरमध्ये आला.

"बाबा! घेतलं मला! फर्स्ट टीम! तीन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट!"

"शाब्बास गं! शाब्बास!"

"तू खूश आहेस ना?"

"खूप खूश आहे."

"पण मी समरमध्ये नाही येऊ शकणार. प्री-सीझन लगेच सुरू होतोय. आईला तू सांगशील?"

"सांगतो. तू काळजी नको करू."

तेवढ्यात तिकडे कोणीतरी तिला हाक मारली. कादंबरी घाईने "एक मिनिट हं, बाबा" म्हणाली आणि फोन बहुधा टेबलावर ठेवून गेली. खुर्च्या सरकल्याचे आवाज आले, चार-पाच मुली एकदम बोलू लागल्या. त्यांच्यात त्याची लेकही बोलत होती, भराभर, न अडखळता, जर्मनमध्ये. मग ती कशावर तरी खळखळून हसली. त्र्यंबकला एक शब्दही कळत नव्हता. अमेरिकेतल्या पहिल्या वर्षी त्याने नाशिकच्या घरी फोन केला होता तेव्हा वडील, इथलं काही कळत नसतानाही, नुसतंच "हं, हं" करत राहिले होते. फोन का ठेवत नाहीत हे त्याला तेव्हा समजलं नव्हतं.

मिनिट कधीच होऊन गेलं होतं. ती फोन विसरली होती, हे उघड होतं.

"टिम, मीटिंग," शेजारच्या टेबलावरची बाई दारातून डोकावून म्हणाली.

त्र्यंबकने हात वर करून तिला थांबवलं, आणि फोन तसाच कानाशी धरून ठेवला.