कौतिकची मूठ

माझा दीर कौतिक टीव्हीवर जाणार असं कळलं तेव्हा आमच्या अख्ख्या भाऊबंदकीची एकच इच्छा होती: त्याची चांगली फजिती व्हावी. माझीही होती. खोटं कशाला बोलू?

माणूस पहिल्यापासून तऱ्हेवाईक. शिंदखेड्याच्या बाजारात धोतरावर कोट घालून, गळ्यात शाळेचा टाय बांधून फिरायचा. एकदा केळीच्या सालीचं दंतमंजन काढलं. कोणी घेईना म्हणून स्वतःच वापरत बसला आणि दात काळे करून घेतले. बायको नाही, पोर नाही, जेवायला माझ्याच दारात. तेही चालवून घेतलं. पण गेल्या श्रावणात त्याने कानबाई देवीच्या प्रसादाच्या रोटांना हात घातला आणि सगळं बिनसलं.

कानबाई बसायच्या आधी आमच्याकडे भाऊबंदकीतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू परातीत काढतात. त्या पिठाचे रोट होतात आणि ते भाऊबंदांनीच खायचे. सासरी गेलेल्या लेकीलाही त्यातला घास देत नाहीत, परक्याचं तर नावच नको. आणि या शहाण्याने ठरवलं की पुण्याला, सुरतेला राहणाऱ्या खान्देशी लोकांना रोट डब्यात भरून घरपोच विकायचे. वना आबा आमच्यात सगळ्यांत वडील. ते परातीजवळच कडाडले, "देव इकाले काढस? आजपाईन तुनी मूठ बंद." मूठ बंद म्हणजे माणूस भाऊबंदकीतून बाद.

कौतिकचा सख्खा भाऊ, म्हणजे आमचे हे, खाली मान घालून बसले. मुठी मीच भरत होते. आबांनी पुढचं नाव घेतलं, मी पुढची मूठ टाकली. कौतिक उठला, पिशवी उचलली आणि धुळ्याला देवपुरात खोली घेऊन राहिला.

त्याचा कार्यक्रम लागला त्या संध्याकाळी सगळे आबांच्या घरी जमलो. नवे धंदेवाले येऊन आपला माल दाखवतात आणि मोठे उद्योजक त्यांची सालं काढतात, असला तो कार्यक्रम. कौतिक तोच कोट, तोच टाय घालून आला. आबांचा मुलगा हितेंद्र खिदळला, "आते दखा गंमत." परीक्षकही हसत होते. पैसेवाल्यांचं ते हसू बघून माझं डोकं तापलं. त्याला हसायचं तर आम्ही हसू, तुम्ही कोण?

कौतिकने धंदा सांगितला. गिऱ्हाइकाच्या भाऊबंदकीतल्या पुरुषांची नावं विचारायची, त्या हिशोबाने मुठी काढायच्या आणि रोट करून द्यायचे. मग त्याने पितळी डबा उघडला. एका परीक्षक बाईंनी हात पुढे केला, तसा त्याने पटकन डब्यावर पंजा ठेवला.

"तुमले चालत नही, ताई. रोट भाऊबंदलेच चालस."

"दादा, धंदा करायला आलात की देवळात?" बाई म्हणाल्या. "चव बघितल्याशिवाय पैसे कोण लावेल? बरं, आम्ही नको. तुम्ही खाऊन दाखवा."

"माले बी चालत नही."

"का?"

"यामा मनी मूठ नही. मनी मूठ बंद शे."

दुसरे परीक्षक वैतागले. "मग यात आहेत कोणाच्या मुठी?"

कौतिकने बोटांवर मोजत नावं घेतली. वना आबा. जीवरामभाऊ, म्हणजे आमचे हे. हितेंद्र. पुढे एकेक करून अख्खी भाऊबंदकी, नुकत्याच जन्मलेल्या तान्ह्या पोरासकट.

"अहो, ज्यांनी तुम्हाला काढलं त्यांच्याच नावाने करून आणलेत?"

"त्यासनी माले काढं," कौतिक म्हणाला. "मी त्यासले नही काढं."

एकानेही पैसे लावले नाहीत. त्याने डब्याला फडकं बांधलं आणि निघून गेला. आबांच्या घरात कोणी हसलं नाही. मग आबांनी टीव्ही बंद केला. "सबन महाराष्ट्रमा आम्हनी इज्जत काढी. आते त्याले गावमा पाय ठेवू देवाना नही." सगळ्यांनी माना डोलावल्या. ह्यांनीही डोलावली. मला ह्यांचा इतका राग आला की घरी येऊन मी ह्यांच्यापुढे ताट आदळलं आणि काही दिवस बोलले नाही.

यंदाचा श्रावण आला. गहू निवडून मी परात आबांपुढे ठेवली. आबा नाव घ्यायचे, मी सव्वा मूठ टाकायची. ह्यांचं नाव झालं, हितेंद्रचं झालं, तान्ह्याचंही झालं. आबा थांबले. मी ह्यांच्याकडे बघितलं. त्यांची मान खालीच.

मग मी टोपलीत हात घातला, मूठ भरली आणि परातीत टाकली. वर चिमूटभर, सव्वा पुरी करायला.

"हाई कोनी वं?" आबांनी विचारलं.

"ज्यानं नाव तुम्ही लिधं नही, त्यानी."

आबा उठून उभे राहिले. "काढ ती मूठ. आत्तेच्या आत्ते काढ."

मी परातीतल्या राशीत दोन्ही हात घातले आणि सगळे गहू खालीवर केले. मग परात त्यांच्यापुढे सरकवली.

"काढा आबा," मी म्हटलं. "त्याना दाना कोनता, तुम्हीच निवडा."