अक्षताच्या डाव्या गुडघ्यावरची अडीच वर्षं

मित्रांनो, मी एक जुना पट्टा आहे. पट्टा म्हटलं की तुम्हाला कमरेचा आठवेल, नाहीतर कुत्र्याच्या गळ्यातला. मी गुडघ्याचा. काळं जाड कापड, दोन्ही बाजूंना स्टीलच्या पट्ट्या, मधोमध बिजागरी आणि तिच्यावर एक खटका. खटका दाबला की पाय सरळच राहतो, कितीही मनात आणलं तरी वाकत नाही. खटका सरकवला की वाकतो, पण मी परवानगी देईन तेवढाच. लोकांचे पाय अडकवून ठेवायचे, हेच माझं काम.

माझा जन्म साकीनाक्याचा. एका गल्लीत खाली लेथ मशीन घरघरायची आणि वरच्या मजल्यावर बायका शिलाई मारायच्या. मला द्रौपदीबाईंनी शिवलं. शिवून झालेला प्रत्येक पट्टा त्या स्वतःच्या गुडघ्यावर चढवायच्या आणि चार पावलं चालून बघायच्या. मालक कुरकुरायचा, "बाई, वेळ जातो ना." त्या म्हणायच्या, "आधीच ज्याचा पाय दुखतोय त्याला हे टोचलं, तर शिव्या कुणाला बसणार?" त्या चार पावलांत चालणं म्हणजे काय ते मला कळलं.

पुढे घाटकोपरच्या एका दुकानात मी आठ महिने खोक्यात पडून होतो. एका दुपारी खाकी शर्टातले एक गृहस्थ आले. हातात मापं लिहिलेला कागद. हे नंदू घाडी, शाळेच्या बसचे ड्रायव्हर, मूळचे मालवणकडचे. दुकानदाराने विचारलं, "मुलगा खेळतो का?"

"पोरगी माजी," नंदू म्हणाले. "फुटबॉल खेळता. फॉरवर्ड आसा. पगारी!"

दुकानदाराने चष्म्यावरून पाहिलं. नंदूंनी मला काखेत मारलं आणि छाती काढून निघाले. रस्ता ओलांडल्यावर मात्र त्यांनी खिशातून रुमाल काढून डोळे पुसले. ते फक्त मी पाहिलं.

घाडींचं घर भटवाडीत, टेकडीवर. खालच्या रस्त्यापासून दारापर्यंत चौऱ्याहत्तर पायऱ्या. खिडकीशी खाटेवर त्यांची मुलगी अक्षता पडून होती. वय तेवीस. डाव्या गुडघ्यातला, हाडांना बांधून ठेवणारा दोर तुटला होता. डॉक्टरांनी मांडीच्या स्नायूचा एक तंतू काढून त्याचा नवा दोर घातला होता. त्या संध्याकाळी मी तिच्या पायावर चढलो, माझा खटका दाबला गेला आणि आम्ही दोघं त्या खोलीत अडकलो.

खिडकीतून खालच्या मैदानाचा एक कोपरा दिसायचा. पाच वाजले की तिथे चेंडूचा धपधप आवाज सुरू व्हायचा. दोन दिवस अक्षताने सहन केलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आई, खाट फिरव. तोंड भिंतीकडे कर." आईने खाट फिरवली. त्यानंतर सहा आठवडे तिने रंगाचे पोपडे मोजले.

भेटायला कुणी आलं की नंदू लेकीची कहाणी सांगत. ती मी इतक्या वेळा ऐकली आहे की मला पाठ झाली. नऊ वर्षांची असताना मुलांच्या संघात एक गडी कमी पडला, म्हणून हिला घेतलं. पहिल्याच दिवशी हिने दोन गोल मारले आणि घरी येऊन चप्पल हरवल्याबद्दल मार खाल्ला. शाळेत मुलींचा संघ नव्हता. मग नंदू ड्युटीच्या आधी, सकाळी पाचला, स्कूटरवरून तिला अंधेरीला सरावाला नेऊ लागले. सोळाव्या वर्षी ती महाराष्ट्राकडून खेळली. एकोणिसाव्या वर्षी दक्षिणेकडच्या एका क्लबशी करार झाला. एकविसाव्या वर्षी देशाच्या शिबिरात तीन आठवडे राहून आली. तेविसाव्या वर्षी एका हंगामात अकरा गोल झाले होते. इथे नंदू थांबत. पुढचं ते कधीच सांगत नसत.

पुढचं एकदा अक्षतानेच आईला सांगितलं. "मी एकटीच होते गं. चेंडू घेऊन डावीकडे वळले, तर आतून टक असा आवाज आला. कुणी हातसुद्धा लावला नव्हता. कुणी पाडलं असतं तर तिच्यावर राग तरी धरता आला असता."

व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओ प्रियंकाचं क्लिनिक खाली रस्त्याला लागून होतं. अक्षताला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून नंदू आणि शेजारचे हर्षदकाका त्या चौऱ्याहत्तर पायऱ्या उतरवत. अक्षता ओढणीने तोंड झाकून घ्यायची. राज्याच्या मैदानांवर जिला कुणी पकडू शकत नव्हतं, तिला आता पिंपासारखं उचलून न्यावं लागत होतं.

प्रियंका माझा खटका हळूहळू सैल करत गेली. आधी तीस अंश, मग साठ, मग नव्वद. प्रत्येक वेळी अक्षता दात आवळून रडायची आणि प्रियंका म्हणायची, "रड गं, पण वाकव." नवव्या आठवड्यात अक्षता स्वतःच्या पायांनी पायऱ्या उतरली. वीस मिनिटं लागली. खाली पोहोचल्यावर नंदूंनी तिच्याऐवजी मलाच थोपटलं. दसऱ्याला आईने नंदूंच्या स्कूटरबरोबर मलाही हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं. एका पट्ट्याला याहून मोठा मान कुठला? मी फुलून गेलो. आता वाटतं, चूक तिथेच सुरू झाली.

दहा महिन्यांनी डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून सांगितलं, गुडघा पक्का झाला, आता पट्टा काढा. अक्षताने 'हो' म्हणून मान डोलावली. दवाखान्यात मला पिशवीत घातलं आणि रस्त्यावर येताच एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून परत चढवलं.

जुन्या क्लबने करार पुढे नेला नव्हता. मुंबईतल्या एका क्लबच्या कोच रेवतीमॅडमनी तिला घेतलं. अक्षता मला बांधूनच मैदानात उतरायची. सामन्याआधी पंच येऊन माझ्यावरचं जाड कापड चाचपायचे, कुठे लोखंड उघडं नाही ना, आणि मान डोलवायचे. मग खेळ सुरू व्हायचा. पण अक्षता डावीकडे वळायची नाही. चेंडू आला की उजवीकडे, पुन्हा उजवीकडे. महिन्याभरात समोरच्या मुलींना ते कळलं. "सोड गं तिला, इकडेच येणार ती," असं एकजण हसत म्हणाली, ते मी ऐकलं. अख्ख्या हंगामात दोन गोल झाले आणि दोन्ही पेनल्टीवर. पुढच्या हंगामात ती राखीव खेळाडूंच्या बाकावर बसू लागली.

ती झोपतानाही मला काढत नसे. माझ्याखाली तिच्या कातडीवर पुरळ उठलं होतं. त्याहून वाईट गोष्ट मला आतून जाणवत होती. तिच्या मांडीचा स्नायू माझ्याआड दिवसेंदिवस आळशी होत होता. जे काम त्याने करायचं ते मी करत होतो. मला ओरडून सांगावंसं वाटे, बाई, मला सोड. पण पट्ट्याला तोंड कुठे असतं? त्याला फक्त पकड असते.

एका सकाळी अंधेरीच्या मैदानावर, क्लबच्या सरावाला अक्षताबरोबर आलेली प्रियंका तिच्यासमोर गुडघे टेकून बसली. "पट्टा काढ."

"नाही काढणार."

"अगं, गुडघा कधीच बरा झालाय. मी रोज हातात धरते तो. तुला माझ्यावर विश्वास नाही का?"

"तू तो आवाज ऐकला नाहीस," अक्षता म्हणाली. "मी ऐकलाय. डावीकडे बघितलं तरी मला तो ऐकू येतो यार."

रेवतीमॅडम मागे उभ्या होत्या. त्या सरळ बोलणाऱ्या बाई. म्हणाल्या, "शनिवारी शेवटचा सामना. त्यानंतर मी पुढच्या हंगामाची नावं देणार. मला पुढे अशी मुलगी हवी जी दोन्हीकडे वळते. तुझं नाव मला लिहायचंय गं. पण असं नाही लिहिता येत मला."

त्या संध्याकाळी घरी अक्षता जेवली नाही. दारात पायरीवर बसून राहिली. नंदू बस लावून आले आणि तिच्या शेजारी टेकले.

"बाबा, परत तुटला तर?"

नंदूंनी पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या. मग म्हणाले, "तुटलो तर तुटलो. परत खुर्चीत घालून उतरवीन तुका. खांदे आसत अजून माजे. पण बाय, तू आता तरी खंय खेळतंस? बसानच आसस मां."

अक्षता त्यांच्याकडे बघत राहिली. तिला राग आला होता, ते मला तिच्या ताठरलेल्या पायावरून कळलं. बराच वेळ पाय तसाच होता. मग सैल पडला.

शनिवारी सामन्याची साठ मिनिटं ती बाकावर होती, मी तिच्या गुडघ्यावर. आमचा संघ एका गोलने मागे होता. रेवतीमॅडमनी मागे वळून फक्त तिचं नाव घेतलं. अक्षता उठली, पुन्हा खाली बसली आणि माझी पहिली चिकटपट्टी ओढली. चर्र. मग दुसरी. तिसरीला हात लावून ती थांबली. तिचे डोळे मिटलेले होते. मग तीही निघाली. गुडघ्याला वारा लागला तसा तिच्या अंगावर काटा आला. तिने मला बॅगेत कोंबलं आणि चेन ओढली.

मित्रांनो, अडकणं म्हणजे काय, ते मला त्या काळोखात कळलं. वर ओले मोजे, खाली डबा, आणि मला काही दिसत नाही. शिट्टी झाली. पळणारे पाय ऐकू आले. मध्येच सगळे ओरडले, बहुधा आमच्या कुणीतरी बरोबरी साधली. आणि मग एकदम शंभरेक माणसांच्या तोंडून एकच आवाज आला, "आई गं!" त्यापाठोपाठ शांतता. कुणीतरी माझ्या जवळून धावत गेलं, ती प्रियंकाची पावलं होती. मला वाटलं, संपलं. मी तिथे असायला हवा होतो, असं वाटलं, आणि लगेच वाटलं की मीच तिला इतका काळ धरून कमकुवत केलं. दोन्ही विचार एकदमच आले.

मग टाळ्या सुरू झाल्या. आधी तुरळक, नंतर जोरात.

सामना संपल्यावर चेन उघडली. टॉवेलसाठी हात आत आला आणि उजेडात मला तिचा डावा गुडघा दिसला. माझ्या खुणा असलेली फिकट कातडी, आणि तिच्यावर चांगलंच मोठं खरचटलेलं, मातीने भरलेलं, रक्त येत असलेलं. ती डावीकडे वळली होती. समोरच्या मुलीने पाय घातला आणि अक्षता नेमकी त्याच गुडघ्यावर आपटली होती. आणि उठली होती. तिने गोल केला नाही. सामना बरोबरीत सुटला. पण ती रडत होती आणि हसतही होती, आणि पुन्हा पुन्हा सांगत होती, "त्याच्यावरच पडले गं! त्याच्यावरच पडले आणि काही नाही झालं!"

प्रियंकाने कापसाने जखम पुसली तशी ती किंचाळली, "अगं ए, झोंबतंय!"

"झोंबू दे," प्रियंका म्हणाली आणि तोंड फिरवून तिनेही डोळे पुसले.

रेवतीमॅडमनी यादीत तिचं नाव लिहिलं. त्यानंतरच्या हंगामात अक्षताने सात गोल केले. देशाच्या शिबिराचं बोलावणं मात्र परत आलं नाही. वाया गेलेले दोन हंगाम कुणी भरून देत नाही. तिला ते माहीत आहे, आणि तरीही ती रोज पहाटे मैदानावर जाते.

मला तिने प्रियंकाच्या क्लिनिकला देऊन टाकलं. आता मी कपाटात असतो. माझी पकड ढिली झाली आहे, एक बिजागरी कुरकुरते. तरी अधूनमधून कुणाच्या तरी पायावर चढतो. परवा मुलुंडच्या एका आजोबांबरोबर तीन आठवडे काढून आलो.

मित्रांनो, तुम्हाला एक विनंती करून रजा घेतो. माझ्यासारखा पट्टा बांधलेलं कुणी दिसलं तर "कधी काढणार?" म्हणून त्याच्या मागे लागू नका. भीती बरी व्हायला हाडापेक्षा जास्त दिवस लागतात. आणि कधी तुमच्यावर ही वेळ आली, तर मला नीट बांधा, जपून वापरा, माझ्यावर बिनधास्त भार टाका. पण जाणत्या माणसाने "आता सोड" म्हटलं की सोडा. पूजा नका करू माझी. साबणाने धुवा, उन्हात वाळवा आणि ज्याचा पाय आज दुखतो आहे, त्याला देऊन टाका.