पडला. उठला.

ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात, पण फिटचं उलटं असतं. ज्याला येते त्यालाच पत्ता नसतो, बाकी सगळं जग बघून घेतं. टिल्लूने स्वतःची फिट कधी पाहिली नव्हती. म्हणून वही ताई लिहायची.

डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं होतं, कधी आली, आधी काय झालं, कुठला हात, किती वेळ, सगळं टिपा, गोळीचं त्यावरच ठरतं. आईवडील लवकर गेले, टिल्लूला ताईनेच वाढवलं. वहीतही ती हात आखडता घ्यायची नाही. 'उजवा हात आधी. मग मान वळली. जागा झाला आणि मलाच विचारतो, तू का रडतेस?' टिल्लू ही पानं पुन्हा पुन्हा वाचायचा. आपण नसतो तेव्हाही कुणीतरी आपल्याजवळ बसलेलं असतं, हे त्याला त्या पानांतून कळायचं.

मग भाऊजींची बदली झाली आणि ताई लांबच्या शहरात गेली.

टिल्लू फ्रेमच्या दुकानात काच कापायचा. फिट आली की आता काका, म्हणजे दुकानाचे मालक, लिहायचे. लाकडावर खुणा करायच्या जाड पेन्सिलीने. 'पडला. उठला.' बस.

टिल्लूने त्या पानाचा फोटो पाठवला की ताईचा लगेच फोन. "हे काय रे? पडला, उठला? फिट आहे की बाळ चालायला शिकतंय?" मग ती काकांची उलटतपासणी घ्यायची, मग टिल्लूची, मग जेवलास का, झोपलास का, उशीचा अभ्रा धुतलास का. तास जायचा.

पण नवी गोळी लागू पडली. फिटा थांबल्या. आणि ताईचे फोन आखडले. "बरा आहेस ना? गोळी घेतलीस? चल, कुकर लावलाय." खट्.

आता चांगलं झालं तर रडायचं कुणापाशी?

एका रविवारी खोलीत टिल्लू एकटा होता. शेजारच्या घरात कुणीतरी खदखदून हसलं. त्याने वही ओढली आणि लिहून टाकलं. 'उजवा हात आधी. मग मान वळली.' फोटो पाठवला. ताईचा फोन आला, रडवेला. टिल्लू डोळे मिटून नुसता ऐकत राहिला. पुढच्या रविवारी परत एक. त्याच्या पुढच्याही.

वही बघून डॉक्टरीणबाईंनी गोळी वाढवली. त्याने मुकाट घेतली. करतो काय! मग हात जड झाले. काचेवर हिऱ्याची पेन एका दमात ओढावी लागते, मध्ये थांबलात की काच वाकडी फुटते. टिल्लूच्या हातून लागोपाठ फुटायला लागल्या.

"काचेला हात लावू नकोस," काका म्हणाले. "फडका घे, फ्रेमा पूस."

"काका, काच माझी आहे."

"बोटंही तुझीच आहेत. ती राहू देत."

ते ऐकून ताई रजा टाकून आली. पिशवी खाली ठेवली आणि आधी वही उघडली. फोनवर भीतीने तिचं डोकं चाललं नव्हतं. आता चाललं.

"त्या दिवशी खोलीत कोण होतं?"

"कुणी नाही."

"मग उजवा हात आधी हलला हे बघितलं कोणी? पालीने?"

टिल्लू बोटाने टेबलाची कड खरवडत बसला.

"गाढवा!" ताई म्हणाली. "घोड्याएवढा झालास. नुसता फोन करता येत नाही?"

"नुसता केला की तू कुकर लावतेस."

ताईने पदराने नाक पुसलं आणि त्याच्या पाठीत एक धपाटा घातला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंना खरं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. "मी तुझ्या वहीचं बोट धरून चालते रे," म्हणाल्या. "तीच मला खड्ड्यात न्यायला लागली तर?" गोळी हळूहळू आधीच्या मापावर आणायची ठरली. जाण्याआधी ताईने ती तिन्ही पानं खोडली आणि खाली गोल अक्षरात लिहिलं, 'फिट नव्हती. मग काय होतं?' पुढे जागा कोरी सोडली.

ती जागा बरेच दिवस कोरीच राहिली. हात हलके झाले, काकांनी काच परत दिली, तरी कोरीच. एका सकाळी दुकानात निघता निघता टिल्लूने उभ्याउभ्याच लिहिलं.

'आठवण आली होती. आधी छातीत. किती वेळ: अजून चालू आहे.'

फोटो पाठवला आणि गेला. काकांनी मोठी काच टेबलावर घातली होती. टिल्लूने पेन टेकवली, रेघ अर्ध्यावर आली, तेवढ्यात खिशात फोन वाजायला लागला. कोणाचा ते बघायची गरज नव्हती.

"उचल की!" काका म्हणाले.

"थांबा हो."

टिल्लूने रेघ शेवटपर्यंत नेली. काच सरळ सुटली. फोन अजून वाजतच होता.